दोन जागांचे नांदेड : एका मोडलेल्या मतदारसंघाचा इतिहास

मतदारसंघ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नकाशा येतो. अमुक तालुके, तमुक गावे, एक हद्द आणि त्या हद्दीतून निवडून जाणारा एक माणूस. पण मतदारसंघ ही मते मोजण्याची एक रीतही असते, आणि रीत बदलली की त्याच गावांतून, त्याच माणसांच्या मतांतून निराळा प्रतिनिधी बाहेर पडतो. दलित राजकारणाचा विचार करताना आपण पुढाऱ्यांच्या फुटीवर पुष्कळ बोललो. गट किती झाले, कोण कोणाकडे गेला, याचा हिशेब आपल्याला तोंडपाठ आहे. मोजणीच्या रीतीकडे मात्र आपण फारसे पाहिलेले नाही. या लेखात मला अशाच एका मोडीत निघालेल्या रीतीविषयी आणि तिच्याबरोबर गेलेल्या एका मतदारसंघाविषयी लिहावयाचे आहे. तो मतदारसंघ म्हणजे १९५२ ते १९६२ या काळातला नांदेडचा द्विसदस्य लोकसभा मतदारसंघ.

मी हट्ट्याचा. वसमत तालुक्यातले हे गाव १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते, त्यानंतर हिंगोली जिल्ह्यात आले. आज आमचे मत वसमत विधानसभेला आणि हिंगोली लोकसभेला जाते. शिक्षणाला, बाजाराला, दवाखान्याला मात्र आम्ही नांदेडचीच वाट धरत आलो. माझ्या आधी आमच्या घरातल्या कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती. आता मी राज्यशास्त्र शिकवतो. एकदा वर्गात नांदेडच्या खासदारांची यादी करावयास सांगितले. शंकरराव चव्हाण, केशवराव धोंडगे, अशोक चव्हाण ही नावे भराभर आली. १९५७ साली नांदेडमधून एक नव्हे, दोन खासदार निवडून गेले होते आणि ते दोघेही दलित होते, हे वर्गातल्या एकालाही ठाऊक नव्हते. त्यात आंबेडकरी घरांतली मुलेही होती. हे विस्मरण एकट्या विद्यार्थ्यांचे नाही.

ही रीत आली कोठून

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांच्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. त्यात एक तरतूद अशी होती की, आधी अस्पृश्य मतदारांनी आपले चार उमेदवार निवडावयाचे आणि मग त्या चारांतून सर्वांनी मिळून एक. ही प्राथमिक निवडणूक दहा वर्षांपुरतीच होती. राज्यघटना आली तेव्हा राखीव जागा राहिल्या, पण दलितांनी आपले उमेदवार आधी आपणच निवडण्याची ही पायरी राहिली नाही. संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा, एवढेच शिल्लक उरले.

आता प्रश्न असा होता की, एखाद्या भागातली एकुलती एक जागा राखीव केली तर तेथल्या इतरांना उभे राहावयास जागा कोठे? यावर काढलेला तोडगा म्हणजे द्विसदस्य मतदारसंघ. दोन मतदारसंघांएवढा मोठा मुलूख एकत्र करावयाचा, त्यातून दोन प्रतिनिधी निवडावयाचे, एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव आणि दुसरी खुली. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागा होत्या, पण मतदारसंघ होते ४०१. त्यांपैकी ८६ द्विसदस्य होते आणि उत्तर बंगालमधला एक त्रिसदस्यही होता. १९५७ साली द्विसदस्य मतदारसंघांची संख्या ९१ झाली. हैदराबाद राज्यात नलगोंडा, करीमनगर यांच्याप्रमाणे नांदेडही या प्रकारात होते.

मतदान कसे होई, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. त्याने त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकावयाच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक धरली जाई आणि दुसरी बाद होई. म्हणजे आपल्या माणसाला दोन्ही मते देण्याची सोय नव्हती. एक आपल्याला आणि दुसरे कोणा तरी दुसऱ्याला, असेच द्यावे लागे. १९३७ साली मुंबई इलाख्यात एकाच उमेदवाराला सर्व मते देण्याची मुभा होती. ती मुभा स्वतंत्र भारताच्या कायद्यात राहिली नाही.

मोजणीची रीत याहूनही महत्त्वाची. आधी अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मते, तो राखीव जागेवर निवडून आला असे ठरे. मग उरलेल्या सर्वांत, म्हणजे सवर्ण आणि उरलेले दलित अशा सर्वांत, ज्याला जास्त मते तो खुल्या जागेवर. हे दुसरे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे सारे राजकारण या वाक्यावर फिरले.

दुसऱ्या मताचे राजकारण

दोन मतांची ही व्यवस्था युतीचे वजनमापच होती. दलित उमेदवाराला सवर्ण मतदाराचे दुसरे मत हवे आणि सवर्ण मित्राला दलित मतदाराचे. सभेत एकमेकांच्या गळ्यात हार पडत. ते हार खरे की खोटे, हे पेट्या उघडल्यावर आकड्यांत कळे.

१९५२ साली सोलापुरात शेतकरी कामगार पक्ष आणि फेडरेशन यांची युती झाली. शंकरराव मोरे आणि पां. ना. राजभोज दोघेही निवडून आले. करीमनगरमध्ये फेडरेशनचे एम. आर. कृष्णा आले. सबंध देशात लोकसभेवर फेडरेशनचे निवडून आले ते एवढे दोघेच, आणि दोघेही द्विसदस्य मतदारसंघांतून.

त्याच वर्षी उत्तर मुंबईत बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता एकत्र लढले. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७. अंतर १४,५६१ मतांचे. या निवडणुकीत बाद ठरलेल्या मतांची संख्या ७४,३३३ होती, अशी तक्रार बाबासाहेब आणि मेहता यांनी केली, पण ती फेटाळली गेली. अंतराच्या पाचपट मते मोजणीतच आली नाहीत, या एका गोष्टीवरून या रीतीत केवढा धोका होता हे कळते.

१९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. पुन्हा तीच जोडी. या वेळी अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ-साडेआठ हजारांनी पडले. दलित मते मेहतांकडे गेली, मेहतांच्या बाजूची पुरेशी मते बाबासाहेबांकडे वळली नाहीत, याहून वेगळा अर्थ या निकालाचा लावता येत नाही. त्या वेळी कार्यकर्त्यांत एक शब्द फार चालला होता : मत कुजविणे. म्हणजे आपल्या उमेदवाराला एक मत द्यावयाचे आणि दुसरे कोणालाच द्यावयाचे नाही. भंडाऱ्यात कार्यकर्त्यांनी हा मार्ग सुचविला आणि बाबासाहेबांनी तो नाकारला, असे चळवळीत सांगितले जाते. ज्याने घटना लिहिली तो मते कुजवा असे सांगणार नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. पण मत कुजविण्याची गरज दलितालाच का भासावी, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटात आहे. पेट्यांतून जे बाहेर पडले ते गावातल्याच वागणुकीचे प्रतिबिंब होते. सभेला एका सतरंजीवर बसणारा मतपेटीजवळ जाताच आपल्या आळीत परत जात होता.

नांदेडचे दोघे

निजामाच्या राज्यात आमच्या माणसांना मत नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले आणि १९५२ साली आमच्या मुलखातल्या दलिताने पहिल्यांदा सार्वत्रिक मतदान केले. त्या पहिल्या निवडणुकीत नांदेडमधून काँग्रेसचे शंकरराव टेळकीकर आणि काँग्रेसचेच डॉ. देवराव नामदेवराव पाथ्रीकर कांबळे असे दोघे लोकसभेवर गेले. एक सवर्ण, एक दलित, दोघेही एकाच पक्षाचे. ही व्यवस्था आखणाऱ्यांच्या मनात जे चित्र असावे, ते हुबेहूब असेच असणार.

१९५७ साली चित्र पालटले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. १४ ऑक्टोबरला नागपूरची दीक्षा झाली होती आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले होते. त्यानंतर अवघ्या दोन-तीन महिन्यांत निवडणूक. या निवडणुकीत नांदेडने काँग्रेसचे डॉ. देवराव कांबळे आणि फेडरेशनचे हरिहरराव सोनुले यांना लोकसभेवर पाठविले.

याचा अर्थ नीट पाहा. दोन जागांपैकी राखीव एकच होती. दोघे दलित निवडून आले याचा अर्थ खुल्या जागेवरही दलितच आला. मोजणीच्या त्या दुसऱ्या वाक्याने हे घडवले. कोणताही सवर्ण उमेदवार या दोघांच्या पुढे जाऊ शकला नाही. एक काँग्रेसचा दलित आणि एक फेडरेशनचा दलित, असे दोन परस्परविरोधी राजकीय विचार एकाच मतदारसंघातून दिल्लीला गेले. 'दलित प्रतिनिधी' म्हणजे एकच एक ठशाचा माणूस ही समजूत नांदेडने त्या वर्षी खोडून काढली.

नांदेड एकटे नव्हते. १९५७ साली फेडरेशनचे सहा जण लोकसभेवर गेले. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, कोपरगावमधून बी. सी. कांबळे, मध्य मुंबईतून जी. के. माने, खेडमधून बाळासाहेब साळुंके, नांदेडमधून सोनुले आणि चिकोडीतून दत्ता कट्टी. महाराष्ट्रात तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची लाट होती आणि तिचा लाभ फेडरेशनला झाला, हे खरेच आहे. पण गायकवाड आणि कांबळे खुल्या जागांवरून आले, ही गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीत राहण्यासाठी हिंदू असणे आवश्यक होते. १९५६ साली शिखांना सूट मिळाली, बौद्धांना नाही. धर्मांतर करणाऱ्याला राखीव जागेचे दार बंद झाले होते. त्याला लोकसभेत जावयाचे तर खुल्या जागेचेच दार उरले होते.

रीत मोडली ती का

१९५७ सालीच आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात असाच प्रकार घडला. तेथे एक जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव होती. दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार निवडून आले आणि काँग्रेसचे व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले, अवघ्या काही शे मतांनी मागे पडले. गिरी न्यायालयात गेले. राखीव जागेसाठी उभा राहिलेला उमेदवार खुली जागा घेऊ शकत नाही, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. राखीव जागा ही किमान हमी आहे, ती कमाल मर्यादा नाही, असा त्या निकालाचा आशय सांगता येईल.

न्यायालयाने अर्थ लावला आणि दोन वर्षांच्या आत व्यवस्थाच गेली. १९६१ च्या पहिल्या क्रमांकाच्या कायद्याने सर्व द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. मतदारसंघ फार मोठे पडतात, खर्च फार येतो, मतदाराचा गोंधळ होतो, अशी कारणे दिली गेली. ती खोटी नव्हती. उत्तर मुंबईतील बाद मतांचा आकडा वर दिलाच आहे. पण किमान हमी कमाल मर्यादेच्या पुढे जाऊ लागली, तेव्हाच ही कारणे निकडीची वाटावीत, हा योगायोग अभ्यासकाने नजरेआड करू नये. प्रत्येक द्विसदस्य मतदारसंघाचे दोन तुकडे झाले. ज्या तुकड्यात दलितांची वस्ती अधिक तो राखीव, दुसरा खुला. सवर्णांना आपली जागा मिळाली, दलितांना त्यांची. गावाची वेस आता मतदारसंघालाही आली.

१९६२ साली नांदेड एका जागेचे झाले आणि काँग्रेसचे तुळशीदास जाधव निवडून आले. त्यानंतर आजतागायत नांदेडच्या खुल्या जागेवरून एकही दलित लोकसभेवर गेलेला नाही. १९८७ च्या पोटनिवडणुकीत प्रकाश आंबेडकर तेथे उभे राहिले, अशोक चव्हाणांकडून हरले. १९६२ सालीच रिपब्लिकन पक्षाचे लोकसभेत तिघे आले, ते तिघेही उत्तर प्रदेशातून. महाराष्ट्रातून एकही नाही. पुढे १९९८ साली काँग्रेसशी समझोता झाला तेव्हा प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून, असे चौघे खुल्या जागांवरून आले. तेवढा एक अपवाद सोडला तर १९५७ ची पुनरावृत्ती झाली नाही.

तेहतीस जागांच्या पंधरा कशा झाल्या

मतदारसंघ मोडला ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी जनगणनेच्या रकान्यात आहे. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात अडीच हजारांच्या आत बौद्ध होते. १९६१ साली ते २७ लाख ८९ हजारांवर गेले. ही सारी माणसे अनुसूचित जातींच्या मोजणीतून बाहेर पडली आणि राखीव जागा तर लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. १९६२ साली महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ जागांपैकी ३३ अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. १९६१ च्या जनगणनेवरून पुनर्रचना झाली आणि १९६७ साली २७० पैकी १५ उरल्या. वस्त्या त्याच होत्या, दारिद्र्य तेच होते, बहिष्कार तेच होते. बदलला होता तो रकाना.

ज्यांनी धर्मांतर करूनही राखीव जागेवर निवडणूक लढवली, त्यांचे काय झाले, हेही पाहावे. १९६२ साली नागपुरातल्या एका राखीव जागेवरून डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहत नाहीत, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. हे दार उघडले ते १९९० साली, आदेशात बौद्धांचा समावेश झाल्यावर. म्हणजे १९५७ ते १९९० अशी तेहतीस वर्षे बौद्ध समाज राखीव जागांबाहेर होता आणि खुल्या जागांवरून, एखादे वेळचे यश सोडले तर, त्याला कोणी येऊ दिले नाही. रिपब्लिकन पक्षाच्या दुर्बलतेची कारणे शोधताना आपण फुटीकडे बोट दाखवतो. फूट होतीच. पण दोन्ही दारे एकदम बंद झालेल्या पक्षाला फुटीवाचून दुसरे काय सुचणार, हेही विचारले पाहिजे.

२००८ च्या पुनर्रचनेत विधानसभेच्या राखीव जागा १८ वरून २९ झाल्या. २००१ च्या जनगणनेत आपली जात नोंदवलेल्या बौद्धांचीही मोजणी अनुसूचित जातींत झाली, हे त्याचे मोठे कारण. तरीही आमच्या परभणी आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांतल्या सात विधानसभा मतदारसंघांत अनुसूचित जातीसाठी राखीव एकही नाही. हिंगोली जिल्ह्यात अनुसूचित जाती पंधरा टक्क्यांच्या आसपास आहेत. हिंगोली लोकसभेतला राखीव विधानसभा मतदारसंघ म्हणजे उमरखेड, तो यवतमाळ जिल्ह्यातला. हट्ट्याच्या दलित तरुणाला आमदार व्हावयाचे तर त्याने जिल्हा सोडावा किंवा खुल्या जागेवर लढून दाखवावे.

आता काय करावयाचे

जुनी रीत परत आणा, असे मी म्हणत नाही. तिच्यातही दलित प्रतिनिधी कोण, हे बहुसंख्यांच्या मतावरच ठरत होते. भंडाऱ्याचा निकाल त्याची साक्ष देतो. पण त्या दहा वर्षांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. दलित उमेदवार खुल्या जागेवर निवडून येऊ शकतो, ही एक. आणि युतीची किंमत आकड्यांत मोजता येते व मोजली पाहिजे, ही दुसरी. आजही निवडणूक समझोते होतात. आपली मते मित्रपक्षाला किती गेली आणि त्याची आपल्याला किती आली, याचा केंद्रवार हिशेब आपण ठेवतो का? निवडणुकीच्या कामावर मी मतदान केंद्रात बसलेलो आहे. कोणाला किती मते पडली याचे केंद्रवार आकडे मतमोजणीत तयार होतात आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळतात. आपले प्रतिनिधी ते कागद घेतात आणि बहुधा हरवतात.

८४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती. म्हणजे येणारी जनगणना आणि तिच्या मागोमाग येणारी पुनर्रचना आपल्या पुढच्या कित्येक वर्षांचा नकाशा ठरवणार आहे. राखीव जागांची मुदतही सध्या २०३० पर्यंतच आहे. जनगणनेत बौद्धांनी जात लिहावी की नाही, यावर चळवळीत प्रामाणिक मतभेद आहेत. जात टाकून दिली ती पुन्हा कागदावर का आणावी, हा प्रश्न मला कमी मोलाचा वाटत नाही. तरीही माझे मत असे की, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात शासनाच्या यादीतली नोंद करावी. पहिला रकाना आपल्या श्रद्धेचा आहे, दुसरा आपल्यावर झालेल्या अन्यायाच्या वसुलीचा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी किमान ३३ आणि १५ हे दोन आकडे समोर ठेवून निर्णय घ्यावा.

पुनर्रचना आयोगाचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावण्या होतात. त्या सुनावण्यांना पुढाऱ्यांची माणसे नकाशे घेऊन हजर असतात. आपल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनीही तेथे गेले पाहिजे. त्यासाठी तालुक्यातल्या गावांची, वस्त्यांची, लोकसंख्येची टिपणे आतापासून करावयास हवीत. आणि त्या टिपणांच्या पहिल्या पानावर आपल्या मुलखातून आजवर कोण कोण निवडून गेले, कोणत्या रीतीने गेले, याची यादी असावी. हरिहरराव सोनुले हे नाव त्या यादीत वाचून एखाद्या विद्यार्थ्याने 'हे कोण?' असे विचारले, तर त्याला उत्तर देता आले पाहिजे.